सेन्सरचे ११६० ओहम आणि परभणीचा मे महिना

पत्र : ताई, मी परभणीची. घरूनच केक, नानकटाई आणि ज्वारीच्या बिस्किटांच्या ऑर्डरी घेते. स्वयंपाकघराच्या कपाटात बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे, वॉरंटी संपलेली. गेल्या काही आठवड्यांपासून १८० वर लावला तरी केक वरून पांढराच राहतो आणि मध्ये बसतो. नानकटाई तर ट्रेभर पसरते. मधूनच पडद्यावर एररचा आकडा येतो आणि ओव्हन बंद पडतो. थंड झाला की पुन्हा चालू. दुरुस्तीला आलेल्या मुलाने ओव्हनचा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला म्हणून मोठा खर्च सांगितला. शेजारचे काका म्हणतात, उन्हाळ्यात व्होल्टेजच नसतं, ओव्हन बिचारा काय करणार. माझे मिस्टर वायरमन आहेत. परवा दुपारी त्यांनी ओव्हन बाहेर ओढून मागचं कव्हर काढलं आणि तापमानाच्या सेन्सरला मीटर लावलं, तर ११६० ओहम आले. इंटरनेटवर सगळीकडे १०८० पाहिजेत असं लिहिलंय. म्हणजे सेन्सरच गेला ना? नवा मागवू का? घरी बसवता येईल का? आणि जाऊबाईंचा छोटा ओटीजीही असंच करतो, त्यालाही हाच सेन्सर चालेल का?

उत्तर :

ताई, नवा सेन्सर आज मागवू नका. तुमच्या मिस्टरांनी मोजलेले ११६० ओहम बरोबर आहेत, आणि त्या आकड्यावरून तरी सेन्सर मला ठणठणीत वाटतो. घोळ त्या १०८० चा आहे.

कपाटात बसवायच्या इलेक्ट्रॉनिक ओव्हनमध्ये बऱ्याचदा पीटी-१००० जातीचा सेन्सर असतो. पेन्सिलीहून बारीक अशी स्टीलची कांडी आणि तिच्या टोकात प्लॅटिनमचा इवलासा तुकडा. प्लॅटिनम तापलं की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो, आणि तो इतका नेमका वाढतो की ओहम मोजले की तापमान कळलंच. शून्य अंशाला १००० ओहम, म्हणून नावात १०००. पुढे दर अंशाला पावणेचार-चार ओहमची भर. २० अंशांना १०७८, ३० ला १११७, ४० ला ११५५, १०० ला १३८५ आणि तुम्ही केक लावता त्या १८० ला सुमारे १६८५.

आता हे १०८० कुठून आलं ते बघा. ज्यांनी ती माहिती लिहिली त्यांच्याकडे खोलीचं तापमान म्हणजे वीस-एकवीस अंश. मे महिन्यात भर दुपारी परभणीच्या स्वयंपाकघरात वीस अंश कुठून आणायचे? हिशेब सोपा आहे. मीटरवरच्या आकड्यातून १००० वजा करा आणि उरतील त्यांना ३.९ ने भागा. तुमचे उरले १६०, भागून आले ४१. परवा दुपारी तुमच्या घरात एवढंच तापमान असणार. हाच सेन्सर जानेवारीत पहाटे मोजला असता आणि घरात दहा अंश असते, तर १०३९ आले असते. मग कोणीतरी ‘कमी दाखवतोय, शॉर्ट झालाय’ म्हणून तोच काढून टाकला असता. आपल्याकडे उन्हाळ्यात जास्त म्हणून आणि हिवाळ्यात कमी म्हणून किती चांगले सेन्सर भंगारात जात असतील कोण जाणे. तेव्हा पुन्हा मोजाल ते सकाळी लवकर, ओव्हन रात्रभर बंद ठेवून, आणि शेजारी खोलीचं तापमान दाखवणारं काहीतरी ठेवून. स्वस्तातल्या मीटरचा स्वतःचाही दहा-बारा ओहम इकडेतिकडे कल असतो, त्याचा बाऊ करू नका.

खात्रीच करायची तर बर्फ. फ्रिजमधला बर्फ फोडून स्टीलच्या पेल्यात गच्च भरा, बुडेल इतपत पाणी घाला, ढवळा आणि कांडीचं फक्त टोक त्यात धरा. वायर बाहेरून आत जाते तो भाग भिजू द्यायचा नाही. दोन-तीन मिनिटांत आकडा १००० च्या जवळ येऊन थांबला पाहिजे. मग पातेल्यात उकळतं पाणी. परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आसपास उंच आहे, तिथे पाणी शंभराच्या जरासं खालीच उकळतं, म्हणून १३८० च्या आसपास आकडा यावा. दोन्हीकडे बरोबर आला आणि मधे कुठे आकडा उड्या मारत गेला नाही, तर त्या कांडीला दोष देऊ नका. आणखी एक गंमत बघायला मिळेल. टोक मुठीत धरलं की आकडा वाढेल अशी आपली कल्पना असते, पण ४१ अंशांच्या दुपारी तो उतरतो, कारण मूठ खोलीपेक्षा थंड असते.

मग केक का बसतोय?

आधी काकांना निरोप द्या. त्यांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने उतरते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर ताकद एकसष्ट टक्क्यांवर येते, म्हणजे २००० वॅटचा ओव्हन साडेबाराशे वॅटही धड देत नाही. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकाच डीपीवर लागले की हे होतंच. पण त्याचा परिणाम एवढाच की ओव्हन तापायला उशीर लागतो. सेन्सर जोवर ‘१८० झालं’ म्हणत नाही तोवर बोर्ड कॉईल बंद करत नाही, वीस मिनिटांऐवजी चाळीस लागली तरी. तुमचा ओव्हन मात्र वेळेवर ‘झालं’ म्हणतो आणि आत तेवढं झालेलं नसतं. व्होल्टेज कमी असलं की ओव्हन मंद चालतो, खोटं बोलत नाही. पडताळून बघायचं असेल तर सकाळी सहाला आणि संध्याकाळी आठला तापायला लागणारा वेळ घड्याळावर लिहून ठेवा, आणि दोन्ही वेळा नानकटाईची एकेक खेप लावा. सकाळच्या चांगल्या व्होल्टेजवरही ती पसरली, तर काकांचा मुद्दा निकाली.

नानकटाई हा मात्र झकास साक्षीदार आहे. ओव्हन पुरेसा तापलेला नसला की तूप आधी पाघळतं आणि मैदा धरायच्या आत गोळा पसरतो. ओव्हन जास्त तापला असता तर उलट कडा करपल्या असत्या आणि पोट कच्चं राहिलं असतं. म्हणजे तुमचा ओव्हन दाखवतो त्याहून थंड आहे, हे तुमच्या पत्रातूनच कळतं. आकड्यात हवं असेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा साधा काट्याचा थर्मामीटर घ्या, धंदा करणाऱ्या बाईकडे तो असलाच पाहिजे. मधल्या जाळीवर ठेवा, अर्धा तास जाऊ द्या आणि मग चार-पाच वेळा बघून सरासरी काढा. कॉईल लागते-विझते तसं आतलं तापमान वरखाली होत असतंच, एकदा डोकावून निकाल द्यायचा नाही. थर्मामीटर येईपर्यंत साखरेवर भागवा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. वाटीत चमचाभर साखर घालून १९० वर पंधरा मिनिटं ठेवा. वितळलीच नाही, तर ओव्हन मागे आहे हे नक्की. किती मागे, ते मात्र साखर सांगत नाही.

आता खरा संशय. सेन्सरपासून बोर्डापर्यंत दोन वायरी जातात आणि वाटेत एक तरी जोड असतो, बहुधा ओव्हनच्या पाठीमागे, नेमका गरम जागी. त्या जोडाच्या पितळी पट्ट्या रोज तापून निवून ढिल्या होतात, काळ्या पडतात, वर तुपाची वाफ बसते. उंदरांनी वायर कुरतडलेली असते तेही काही दुर्मीळ नाही. पीठ-साखरेच्या घरात त्यांना आमंत्रण लागत नाही. अशा जोडाचा स्वतःचा रोध वाढतो आणि तो सेन्सरच्या रोधात मिसळतो. बोर्डाला फक्त बेरीज दिसते. मोंढ्यात काट्याच्या पारड्याला खालून ढेकूळ चिकटलं की प्रत्येक पोतं भारी भरतं, तसंच हे.

तुमच्या जोडाने समजा ८० ओहम आपल्या पदरचे घातले. बोर्ड १६८५ ची वाट बघत बसलेला आहे. आत खरे १५८ अंश झाले की सेन्सर १६०५ देतो, जोडाचे ८० मिळून १६८५ होतात आणि बोर्ड खुशाल कॉईल बंद करतो. पडद्यावर १८०, आत १५८. केक पांढरा राहणारच. शिवाय ओव्हन आणखी तापला की पत्रा आणि पट्ट्या फुगतात, जोड क्षणभर पूर्ण सुटतो, रोध अमर्याद होतो आणि बोर्ड घाबरून एरर देऊन बंद पडतो. थंड झाल्यावर पट्ट्या पुन्हा टेकतात आणि सगळं सुरळीत. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी एकाच ढिल्या जोडातून निघू शकतात, म्हणून माझा रोख तिकडे आहे. बोर्ड बिघडला असता तर थंड-गरमचं हे चक्र इतकं नेमाने पाळलं असतं असं मला वाटत नाही.

मिस्टरांनी मीटर बहुधा सेन्सरच्या पायाशीच लावलं असणार. आता त्यांना दुसऱ्या टोकाला लावायला सांगा. बोर्डावरचा सेन्सरचा जॅक काढायचा आणि त्या जॅकच्या दोन पिनांत, सेन्सरच्या बाजूने, ओहम मोजायचे. त्याच वेळी सेन्सरजवळही मोजायचे. दोन्हीकडे ११६० असतील तर मीटर लावलेलंच ठेवून वायर हळूहळू हलवत जा, जोड दाबा, वाकवा. आकडा कुठेतरी उडी मारेल. बोर्डाच्या टोकाला १२०० च्या पुढे आणि सेन्सरपाशी ११६० निघाले, तर चोर मधेच सापडला. थंडपणी काहीच सापडलं नाही तर जोडावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडा आणि आकडा बघत राहा. ओव्हन चालू करून, कव्हर उघडं ठेवून मोजायचं नाही. तिथे २३० व्होल्ट बोटभर अंतरावर असतात आणि या मोजणीला ओव्हनच्या विजेची गरजही नाही, मीटरची स्वतःची बॅटरी पुरते.

एक मोजणी राहिलीच. मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून सेन्सरची एक पिन आणि कांडीचं स्टील यांच्यात बघा. काहीही आकडा येता कामा नये. आला तर कांडीत ओल किंवा तूप शिरलंय. त्याने मात्र बोर्डाला रोध कमी दिसतो आणि ओव्हन जास्त तापतो, म्हणजे तुमच्या उलट तक्रार. करपतंय म्हणून पत्र लिहिणाऱ्यांनी आधी हेच बघावं.

जोड खराब निघाला तर खर्च जवळपास नाहीच. पिना बारीक पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, मादी पट्टी पकडीने किंचित आवळा. काळी पडून ठिसूळ झाली असेल तर कापून नवी दाबून बसवा. इथे वायरमन मंडळींना सवयीने जे हाताशी येतं तेच नको आहे. काळी टेप नको, घरच्या वायरिंगचा पीव्हीसी तुकडा नको, दोन्ही वितळतात. सोल्डरचा डाग तर नकोच, कारण कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना पाघळायला लागतं आणि ओव्हनच्या पाठीमागे, पोकळीला लागून, त्याचा भरवसा नाही. वायर काचेच्या धाग्याचं किंवा सिलिकॉनचं आवरण असलेली घ्यायची आणि जोड दाबून केलेला किंवा चिनी मातीच्या टोपीचा. काचेचा धागा हाताला खाजतो, तेवढे हातमोजे घाला.

आणि कांडीच खराब निघाली, म्हणजे बर्फात आकडा भलताच आला किंवा उकळत्या पाण्यात मधेच तुटला, तर मग नवी मागवा. ओव्हनचं दार उघडलं की चौकटीच्या कडेला मॉडेलचा स्टिकर दिसतो, त्याचा फोटो काढून त्यावरूनच मागवायची. ‘सगळ्यांना चालते’ असं सांगून विकतात त्या घेऊ नका. काही ओव्हनना पीटी-५०० लागतो, जो शून्याला ५०० आणि तुमच्या दुपारी ५८० ओहम दाखवेल. काहींना एनटीसी लागतो, ज्याचा रोध गरम झाल्यावर वाढण्याऐवजी कमी होतो आणि खोलीच्या तापमानाला हजारो, कधी लाखभर ओहमही असतो. हे एकमेकांच्या जागी बसवले तर बोर्ड एक तर लगेच एरर देईल, नाही तर भट्टी पेटवून बसेल. कांडीची लांबी, पायाची पट्टी आणि जॅक हेही जुन्याशी ताडून बघा. संभाजीनगर-नांदेडला सुट्या भागांच्या दुकानात जाणार असाल तर जुनी कांडी पिशवीत घालून न्या. दुकानदाराला तोंडी वर्णन सांगण्यात अर्धा दिवस जातो.

बसवणं अवघड नाही, आणि तुमच्या घरात वायरमन आहे म्हणून बिनधास्त सांगते. मेन एमसीबी पाडायचा, सोळा अँपिअरचा प्लग काढायचा. प्लग नसून वायर थेट डब्यात गेली असेल, तर मीटरने फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही जोड्यांत व्होल्टेज शून्य आहे हे बघायचं. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावर विसंबू नका, मिस्टर मान डोलावतील. ओव्हन तीस किलोंच्या आसपास भरतो, दार आधी काढलं की हलका होतो आणि दोघांना मिळून टेबलावर ठेवता येतो. बिजागरीच्या खुंट्या उलटवल्याशिवाय दार ओढायचं नाही, स्प्रिंग जोरात मिटते आणि बोट सापडतं. कव्हरच्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. काही सोडवायच्या आधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, परत जोडताना वाद होत नाहीत.

सेन्सर बहुतेक वेळा पोकळीच्या मागच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात एक-दोन पेचांनी धरलेला असतो. पेच जळून बसलेले असतात, जबरदस्ती केली तर खाच झिजते. जाम पेच सोडवायचं भेदक तेल थेंबभर घालून अर्धा तास चहा प्या. मात्र ते तेल नंतर पुसून काढा, नाहीतर पहिला केक रॉकेलच्या वासाचा होईल. काही मॉडेलमध्ये सेन्सर आतूनच ओढून काढता येतो. तसं असेल तर वायरचा जॅक मागे निसटून भोकात जाऊ नये म्हणून आधी दोऱ्याने बांधा. नवी कांडी घालताना दोन वायरींत उलटसुलट असं काही नसतं, रोधाला दिशा नाही. वायर मात्र जुन्याच वाटेने, कॉईलच्या पायांपासून आणि धारदार कडांपासून लांब, आधीच्याच चिमट्यांत अडकवून न्या. कव्हर लावण्यापूर्वी बोर्डाच्या जॅकपाशी पुन्हा ओहम मोजा. तो आकडा खोलीच्या तापमानाशी जुळला की कव्हर बंद, मगच वीज.

कव्हर लावायच्या आधी कॉईलचे पाय आणि ओव्हनचा पत्रा यांच्यातही मोठ्या रेंजवर मीटर लावून वीज पत्र्यात गळत नाही ना ते बघा. आणि अर्थिंग. काळ्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात छान असतो, पण उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. अशा घरात ओव्हनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात आणि लोक म्हणतात ‘थोडं येतंच’. येता कामा नये. एप्रिल-मे मध्ये आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, आणि घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर ओव्हनच्या दुरुस्तीआधी तो बसवा. ओल्या हाताने ट्रे आत-बाहेर करणारी माणसं आपण.

सगळं करून, जोड आणि कांडी दोन्ही निर्दोष असूनही तक्रार राहिली, तर मग बोर्डाकडे वळायचं. दुरुस्तीवाल्या मुलाचा राग धरू नका. बोर्ड बदलला की तक्रार एका फेरीत मिटते, जोड शोधत बसायला त्याला वेळ कोण देतो? पण पैसे देण्याआधी त्याला एक करायला सांगा. सेन्सरच्या जागी बोर्डाला १५०० ओहमचा रेझिस्टर जोडायचा. रेडिओ-टीव्हीच्या सामानाच्या दुकानात तो किरकोळ पैशात मिळतो. पीटी-१००० च्या भाषेत हे १३० अंश झाले. ओव्हन १०० वर लावला तर कॉईल लागता कामा नये, १८० वर लावला तर लागली पाहिजे. असंच घडलं तर बोर्डाला तापमान नीट कळतंय, आणि तो बदलून काही साधणार नाही. हा प्रयोग मिनिटभराचा आणि कव्हर लावून, त्यानेच करायचा. रेझिस्टर तापत नाही, त्यामुळे १८० वर कॉईल कधीच विझणार नाही. तो तसाच ठेवून कोणी चहाला गेलं तर ओव्हन लाल होईल.

दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी ऑर्डरचा केक लावू नका. रिकामा ओव्हन १८० वर तासभर चालवा, थर्मामीटर बघा, मग एक ट्रे नानकटाई. थर्मामीटर आणि पडदा यांत पाच-सात अंशांचा फरक राहिला तर तो बिघाड धरायचा नाही. काही ओव्हनच्या सेटिंगमध्ये तेवढा फरक भरून काढायची सोय असते, पुस्तिकेत बघा. ढिल्या जोडावर मात्र हा उपाय करू नका, कारण त्याचा फरक रोज बदलतो आणि तुम्ही रोज सेटिंग फिरवत बसाल.

जाऊबाईंच्या ओटीजीला हा सेन्सर चालणार नाही. त्यात सहसा बोर्डच नसतो. गोल बटणाच्या मागे थर्मोस्टॅट असतो आणि त्यातून केसासारखी बारीक तांब्याची नळी निघून आत तेल भरलेल्या कांडीपर्यंत जाते. तेल फुगलं की बटणामागचा संपर्क तुटतो. त्याचे ओहम मोजून काही कळत नाही, आणि नळीला एकदा घडी पडली की सगळा थर्मोस्टॅटच बदलावा लागतो. अगदी स्वस्त ओटीजीत तर नळीही नसते, दोन धातूंची पट्टी वाकून संपर्क तोडते. बटणामागे थेट २३० व्होल्ट असतात, तेव्हा तेही काम मिस्टरांकडेच द्या. आधी खालची कॉईल लाल होते का तेवढं बघायला सांगा, ओटीजीत पांढऱ्या बुडाच्या केकचं कारण पुष्कळदा तिथेच निघतं.

आणि कोणी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेऊन मिस्टरांकडे आलं, तर नाही म्हणा. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका भार धरून बसलेला असू शकतो. ते काम त्याची माहिती असलेल्या मेकॅनिकचं आहे.